तोंडात गुळाचा खडा

पंकजाच्या खोलीचं दार कुणी वाजवलंच तर तो गॅसवाला असायचा, नाहीतर जिना चुकून वर आलेला कुणीतरी. नगरला सावेडीत दुसऱ्या मजल्यावर एकटीचा संसार. अर्धा लिटर दूध आणलं की निम्मं उरायचं, उरलेल्याला विरजण लागायचं आणि ते दही संपवायला पुन्हा तीच. एका भाकरीपुरतं पीठ मळणं तिला कधी जमलं नाही, म्हणून ती दोन थापायची आणि दुसरी सकाळी चहाबरोबर शिळी खायची. कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवत असे. रविवारीसुद्धा ती प्रयोगशाळेत जायची आणि शिपायानं विचारलं तर म्हणायची, "माश्यांना रविवार नसतो." शिपाई हसून किल्ली द्यायचा. रविवार नक्की कुणाला नकोसा झालाय, हे त्याला कळत असावं.

माश्या म्हणजे केळ्यावर घोंघावतात त्या फळमाश्या. काचेच्या बाटल्यांत मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून घालायचा, वर कापसाचा बोळा लावायचा, की त्यांचा संसार सुरू. प्रत्येक माशीच्या पाठीवर बारीक केस असतात. पीएचडीची सगळी वर्षं पंकजानं पुण्यात त्या केसांपायी घालवली. तिच्या गावी, खर्ड्याच्या किल्ल्यामागच्या वस्तीवर कुणी विचारलं, "पंकी काय शिकली गं?" तर उत्तर ठरलेलं होतं, "माशीचं क्यास." आणि मग बराच वेळ हशा.

तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवताना ती पुस्तकातली मातृपेशी, कन्यापेशी ही भाषा बाजूला ठेवायची. "एक पेशी असते," ती सांगायची, "आणि तिला दोन लेकी होतात. दोघी सारख्या, गुणसूत्रं तीच. पण वेगळं होण्याआधी आईनं एक प्रथिन आपल्या एका कडेला गोळा करून ठेवलेलं असतं. मधे भिंत पडली की ते एकीच्याच वाट्याला येतं. मग या दोघी शेजारी शेजारी बसून एकमेकींना हाका मारतात. जिला ते प्रथिन मिळालं, तिला बहिणीची हाक ऐकू येत नाही. जिला मिळालं नाही, तिला येते. जी ऐकते ती वर राहते आणि तिच्यापासून केस होतो. जी ऐकत नाही ती आत जाते, आणि तिच्या पोटी चेतापेशी येते. वाऱ्यानं केस हलला तर माशीला कळतं ते हिच्यामुळं."

त्या प्रथिनाला शास्त्रज्ञांनी 'नंब' म्हणजे बधिर असं नाव दिलंय. ते ज्या माशीत नसतं तिच्या दोन्ही लेकी केसाच्याच वाटेला जातात, खाली चेतापेशी येतच नाही, आणि त्या माशीला हात लावला तरी समजत नाही. माशी बधिर, म्हणून नाव बधिर. म्हणजे जे नसलं की जाणीव जाते, त्यालाच बधिर म्हणायचं. असलं उफराटं बारसं एवढी शिकलेली माणसंच करू जाणोत. पोरं या ठिकाणी हसत. पंकजाही हसायची. पण "बहिणीची हाक ऐकू येत नाही" या वाक्यापाशी तिचा आवाज उतरायचा, आणि ते मात्र कुणाच्या लक्षात येत नसे.

पंकजा आणि आरती जुळ्या. वस्तीवर कोण कुठली ते ओळखणारं कुणी नव्हतं, बापसुद्धा एकीच्या नावानं दुसरीला रागवायचा. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जायचे, खाली कोल्हापूरकडे. तिकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता. दोघी सहा वर्षांच्या झाल्या त्या वर्षी आईनं ठरवलं की एक पोर बरोबर न्यायची आणि एक भागूबाईजवळ शाळेला ठेवायची. भागूबाई म्हणजे त्यांची आत्या. नवरा लवकर गेलेला, पोटी मूल नाही, भावाच्या शेजारी एका खोलीत राहायची. कुठली न्यायची हे आईला ठरवता येईना. शेवटी ती म्हणाली, "निघताना जी रडंल ती माझ्यासंगं."

आरती रडली. पंकजा रडली नाही.

एवढ्यावर दोघींची आयुष्यं दोन वाटांना लागली. आरतीची शाळा दरवर्षी निम्म्यात सुटायची, मग एक वर्ष ती सुटली ती सुटलीच, आणि वाल्मिकशी लग्न होऊन ती स्वतःच कोयत्याची धनीण झाली. पंकजा खर्ड्याला दहावी झाली, नगरला आली, पुण्याला गेली, डॉक्टर झाली. लग्न राहिलं ते राहिलंच. गावाला गेली की वाल्मिकदाजी चेष्टेनं म्हणायचे, "काय अर्धा कोयता, बरं हाय का?" ती हसून "बरं हाय" म्हणायची आणि परतीच्या एस्टीत खिडकीकडे तोंड करून बसायची.

आईला तिनं एकदा विचारलं होतं, मोठी झाल्यावर, की मलाच का मागं ठेवलं. आई भांडी घासत होती. "तू रडली न्हाईस," ती म्हणाली, आणि तिनं पुढचं भांडं घेतलं. आईनं ते साधंच सांगितलं असेल, पण पंकजाच्या मनात ते रुतून बसलं. आपण रडलो नाही. आई चालली होती, बहीण चालली होती आणि आपल्याला काही वाटलं नाही. दोन वर्षांमागे आई गेली तेव्हाही तिच्या डोळ्याला पाणी आलं नाही. आरती छाती पिटत होती, ही कोपऱ्यात उभी. बाया एकमेकींत बोलल्या ते तिनं ऐकलं, "शिकलेल्यांचं काळीज निराळं असतंय बाई." तेव्हापासून तिनं स्वतःशी कबूल करून टाकलं की आपण मुळातच बधिर आहोत.

यंदा दसऱ्याच्या सुमाराला आरतीचा फोन आला. तिची सासू इतकी वर्षं थोरल्या पोरीला सांभाळायची, ती आता धाकट्या लेकाकडे राहायला गेली होती. आरतीला दोन मुली. नावं अशी की हाक मारताना दम लागावा, थोरली संस्कृती आणि धाकटी राजनंदिनी. वस्तीवर ती संस्कू आणि राजी झाली होती.

"पंके, एक लेकरू तुझ्याकडं ठिवशील का?" आरती म्हणाली. "शाळा तरी हुईल."

"कुठली?"

"आईनं केलं तसंच. जी रडंल ती माझ्यासंगं. रडतं लेकरू मागं ठिवलं तर जीव टांगणीला लागतोय. बहुतेक राजीच ऱ्हाईल, ती रडतच न्हाई. तुझ्यावर गेलीय."

फोन ठेवल्यावर पंकजाला राग यायला हवा होता. आला नाही. तिला आनंद झाला, आणि तो इतका झाला की तिला स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तिनं कापडबाजारातून लहान गोधडी आणली, एक छोटं ताट, एक पेला, पाण्याची बाटली. जवळच्या शाळेत जाऊन पहिलीच्या बाईंना भेटून आली. चपलांच्या दुकानात "माप?" म्हणून विचारलं तेव्हा तिला सांगता येईना, तरी ती बराच वेळ ते चिमुकले जोड हातात घेऊन बघत बसली. त्या रात्री तिनं दोन भाकरी थापल्या आणि पहिल्यांदाच तिला दुसरी भाकरी जास्तीची वाटली नाही.

दिवाळी सरली. निघण्याच्या आदल्या दिवशी ती खर्ड्याला गेली. वस्तीवर नुसती धांदल होती. पत्र्याच्या पेट्या, चुली, बाजरीची पोती, कोंबड्यांच्या पाट्या अंगणात येऊन पडल्या होत्या. संध्याकाळी ती भागूबाईच्या उंबऱ्यावर बसली. आत्या आता पार वाकली होती, पण जीभ अजून तिखट होती.

"आत्या," पंकजा म्हणाली, "त्या वर्षी आई निघाली तेव्हा मी खरंच रडले नाही का गं? जरासुद्धा?"

भागूबाई खुदकन हसली. "तू कशानं रडशील? तोंडात गुळाचा ह्येवढा खडा हुता की!"

"काय?"

"कोयत्याची पूजा झाली, परसाद वाटला. मी एक मोठा खडा घिऊन तुझ्या तोंडात घातला. म्हनलं, परसाद हाय, तोंड उघडायचं न्हाई, भुईवर सांडला तर देव कोपतो. तू अशी गाल फुगवून, डोळं ह्ये मोठालं करून हुबी. आरतीनं भोंगा लावला. तुझ्या मायनं दोघींकडं बघितलं आन् म्हनली, ही ऱ्हाईल." आत्याला तो प्रसंग आठवून हसू आवरेना. "गुणाची गं बाई तू. टेकाडामागं टरक दिसंनासा होईस्तवर तोंड उघडलं न्हाईस."

"मलाच का दिलास खडा?"

"जी हाताला लागली तिला दिला. तुमी दोघी सारख्याच, मला कुठं वळखू येत हुत्या?"

"पण द्यायचाच कशाला?"

भागूबाईचं हसू थांबलं. "कशाला म्हंजे? मला नको व्हय कुनी? कोयते गेले का पाडव्यापत्तुर या वस्तीवर मानूस दिसत न्हाई. भिताडासंगं किती बोलायचं मानसानं?"

ती हे अशा सुरात म्हणाली की जणू सांगायचीही गरज नव्हती. मग तिनं पदराची गाठ सोडून दाखवली. आत गुळाचा एक खडा होता, चांगला लिंबाएवढा. "उद्याला बी ठिवलाय बघ. राजी तशी गप्पच ऱ्हाती, पन भरवसा कशाला ठिवा? तुझं तिकडं कसं चाललंय ते मला दिसतंय बाई. म्या बी तसंच एकटीनं काढलंय."

पंकजानं मान फिरवली. अंगणात पोरी खेळत होत्या. संस्कू पडली आणि साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असा टाहो फोडला. राजीनं तिचा गुडघा फुंकला आणि ती परत खेळायला लागली. पंकजाला आधी आत्याचा संताप आला. मग एकदम छातीतलं काहीतरी मोकळं झालं. ती रडली नव्हती कारण तिचं तोंड भरलेलं होतं. एवढंच. तिच्या काळजाचा त्यात काही दोष नव्हता. तिला तो गोड, चिकट, संपता संपत नसलेला गोळा जिभेवर आठवला, किंवा आठवल्यासारखं वाटलं, आणि ट्रकच्या फळीवरून हात पुढे करून "पंके, पंके" करणारी आरतीही आठवली. हाक तिला ऐकू आली होती. फक्त उत्तर देता आलं नव्हतं. जिला बधिर प्रथिन मिळतं तिच्याच पोटी जाणीव येते, हे ती दरवर्षी वर्गात सांगत होती आणि स्वतःला तिनं ते एकदाही सांगितलं नव्हतं.

पण खरं सांगायचं तर याच्याही खाली तिच्या मनात दुसरा एक विचार होता, आणि तो चांगला नव्हता. आत्याला अडवायचं कशाला? राजी नाहीतरी राहणारच होती. खडा दिला काय, न दिला काय. ताट, पेला, गोधडी खोलीवर तयार होती. ती आत्याला "देऊ नको" म्हणाली नाही. उठून आरतीला भाकरी करू लागायला गेली.

सकाळी वस्तीवर ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या. कारभारी मुकादम ओरडून कोयते मोजत होता. अंगणात पाटावर कोयते धुऊन मांडले, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. ताटात गूळखोबरं फिरलं. वाल्मिकनं पेट्या चढवल्या आणि तो वर जाऊन बसला. आरती खाली उभी राहिली, दोन्ही मुली समोर. तिनं आईसारखंच केलं. पदर खोचून ट्रॉलीकडे वळली आणि मागं वळून बघितलं.

संस्कूनं भोंगा लावला. राजी गप्प उभी होती. तिचे डोळे मोठे झाले होते, हनुवटी थरथरत होती आणि उजवा गाल फुगलेला होता.

आरतीनं धाकटीकडे बघितलं आणि तिचा चेहरा हलका झाला. "ही ऱ्हाईल," ती म्हणाली. भागूबाईनं पंकजाकडे बघून डोळा बारीक केला.

पंकजाला आता काहीच करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. ट्रॅक्टर टेकाडामागं गेला की पोर तिची. खोलीवर कुणीतरी असणार होतं. दार आतून उघडणारं. ती राजीच्या गालाकडे बघत राहिली. मग ती पुढे झाली आणि पोरीसमोर उकिडवी बसली.

"राजे, गिळ तो."

राजीनं मान हलवली. सांडला तर देव कोपणार होता.

"सांडू नको. गिळ. मी आहे. चावून गिळ, मग बोल काय बोलायचं ते."

पोरीनं कडाकडा गूळ चावला. वेळ लागला. मुकादम वरून ओरडला, "आवरा की बाया!" राजीनं शेवटचा घोट गिळला, तोंड उघडलं, आणि जो हंबरडा फोडला त्यानं ट्रॅक्टरवरची माणसं वळून बघायला लागली. संस्कू तिच्यापुढे काहीच नव्हती. "आई, मला न्ये! आई, मला सोडू नगो!" ती आरतीच्या पायांना मिठी मारून बसली. दुसऱ्या पायाला संस्कू होतीच.

आरती गोंधळून बहिणीकडे बघायला लागली. "पंके, ही तर कधीच रडत न्हाई."

"मीही रडत नव्हते," पंकजा म्हणाली. "माझ्याही तोंडात आत्यानं गूळ कोंबला होता."

आरतीनं भागूबाईकडे बघितलं. भागूबाई दुसरीकडे बघत होती. आरतीच्या पायांपाशी दोन पोरी रडत होत्या.

"मी तिकडं उसाच्या पाचटाच्या कोपीत रोज आईला इचारायची," आरती हळू म्हणाली, "पंकी रडत आसंल का. आई म्हनायची, न्हाई, ती रडत न्हाई, तुझ्यावानी न्हाई ती. मला वाटायचं तुला माझी सयच येत न्हाई."

"यायची."

"मंग आता गं? दोघी बी रडत्यात."

"एक नको," पंकजा म्हणाली. हे म्हणणं तिला सोपं नव्हतं, कारण दोन्ही पोरी आईबरोबर गेल्या तर ती रिकाम्या हातानं एस्टीत बसणार होती आणि ते तिला कळत होतं. "दोघी ने नाहीतर दोघी मला दे. एकीला एकटी ठेवू नको. तू ठरव."

ट्रॅक्टरनं भोंगा दिला. वाल्मिक वरून खाली बघत होता. आरतीनं दोन्ही पोरींच्या डोक्यांवर हात ठेवले. गेल्या हंगामात कोपीसमोर चुलीला चटका बसून झालेला राजीच्या हातावरचा डाग तिनं अंगठ्यानं चोळला, जसा काही तो पुसून निघणार होता.

"तूच न्ये दोघींना," ती म्हणाली. "एकमेकीच्या जवळ तरी रडतील."

"आणि तू?"

आरती हसली. लहानपणापासून कशालाही रडणारी ती बाई. वासरू विकलं तरी रडायची, लग्नात रडली, आई गेली तेव्हा तिला दोन बायांनी धरावं लागलं होतं. ती खाली वाकली आणि पाटावरच्या ताटातून गुळाचा खडा उचलला, उरलेल्यांतला सगळ्यात मोठा. तोंडात घातला. ओठ मिटले. मग पोरींचे हात एकेक करून आपल्या पायांवरून सोडवले, पंकजाच्या हातात दिले आणि फळीला धरून ट्रॉलीत चढली.

पंकजाला काय होतंय ते कळायच्या आत ती रडायला लागली होती. आवाज करून, नाक ओढत, वस्तीदेखत. मावशीला असं रडताना बघून दोन्ही पोरी घाबरून गप्प झाल्या आणि राजीनं तिचा पदर धरला.

ट्रॅक्टर हलला. टेकाडाच्या वळणावर पोरींना भान आलं आणि दोघी एकदम ओरडल्या, "आई! आई!"

आरतीनं हात वर केला. तिचा गाल फुगलेला लांबूनही दिसत होता. तिनं तोंड उघडलं नाही.